तुमच्या ताब्यातला माणूस हजर करा : अटकेतल्या माणसाच्या हक्कांचा लढा

कोर्टपायरी

मानवी हक्कांवर चर्चा निघाली की ती १० डिसेंबर १९४८, पॅरिस, संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा इथून सुरू होते. ४८ देश बाजूने, ८ तटस्थ, विरोधात एकही नाही. त्यातलं नववं कलम एका ओळीचं आहे : कुणालाही मनमानीने अटक, स्थानबद्ध किंवा हद्दपार करता येणार नाही. आपल्या देशात ही एक ओळ टिकवताना कुणी काय सोसलं, ते एका जागी असावं म्हणून हा धागा काढतेय.

मी तालुक्याच्या कोर्टात फौजदारी कामं चालवते. रात्री-अपरात्री फोन येतो तो बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरू होतो. "मॅडम, ह्यांना घेऊन गेलेत, कुठे नेलंय ते सांगत नाहीत." जामीन, पुरावा, खटला हे सगळं नंतरचं. आधी माणूस कुठे आहे ते कळायला हवं. हेबिअस कॉर्पसची याचिका नेमकं एवढंच मागते : ताब्यातल्या माणसाला न्यायाधीशांपुढे आणा आणि कोणत्या कायद्याने धरलाय ते सांगा. हा प्रश्न विचारायची सोय बंद झाली की घटनेतला दुसरा कुठलाच हक्क वापरता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात मुंबईपासून करते. १९६२ साली चीन युद्धामुळे आणीबाणी लागली आणि पुढच्या काही वर्षांत भारत संरक्षण नियमांखाली पुष्कळ कम्युनिस्ट स्थानबद्ध झाले. त्यांत प्रभाकर संझगिरी होते. आत असताना त्यांनी सरकारच्याच परवानगीने मराठीत विज्ञानाचं पुस्तक लिहिलं, 'अणूच्या अंतरंगात'. अनुक्रमणिका पाहिली तरी कळावं की मजकूर निव्वळ विज्ञानाचा आहे. हस्तलिखित पत्नीकडे पाठवून छापून घ्यायचं होतं. सरकारने नकार दिला. म्हणणं असं की स्थानबद्धाला नियमांत लिहिलेल्या सवलती तेवढ्याच. पुस्तक बाहेर पाठवायची सवलत लिहिलेली नाही, सबब मिळणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने हे मानलं नाही. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. सप्टेंबर १९६५ मध्ये न्या. सुब्बा राव यांनी अपील फेटाळलं आणि सरकारचं गणितच उलटं करून ठेवलं. कायद्याने जेवढं बंधन घातलंय तेवढंच बंधन, बाकीचं स्वातंत्र्य आत बसलेल्या माणसाकडेच राहतं.

या निकालातला एक बारकावा नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर फिरतं. १९६२ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने काही मूलभूत हक्कांसाठी कोर्टात जायचा रस्ता बंद केला होता, पण हक्क 'भारत संरक्षण' कायद्याखाली हिरावला गेला असेल तरच. सरकारने त्या कायद्याच्या बाहेर जाऊन काही केलं तर कोर्टाचं दार उघडं होतं. संझगिरी त्याच दारातून गेले. पुढच्या आणीबाणीत २७ जून १९७५ चा असाच आदेश काढताना ही अट घातलीच नाही.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली आणि 'मिसा' या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली धरपकड सुरू झाली. कायद्यात कलम १६-अ घालून अटकेची कारणं सांगायची जबाबदारीही काढून टाकली. पुढे आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाने दिलेले आकडे : मिसाखाली ३४,९८८ आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८ माणसं. त्यांच्या घरच्यांनी ठिकठिकाणी हेबिअस कॉर्पसच्या याचिका केल्या. आपल्या नागपूर खंडपीठासह नऊ उच्च न्यायालयांनी सांगितलं की आणीबाणी असली तरी अटकेचा हुकूम मिसाच्या चौकटीत बसतो की नाही, एवढं आम्ही बघणारच. त्या नऊ ठिकाणच्या न्यायाधीशांची नावं आज कुणाच्या तोंडी नाहीत. बदलीचं भय डोक्यावर असताना त्यांनी हे निकाल दिले.

सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ला. पाच न्यायमूर्ती : ए. एन. रे, एच. आर. खन्ना, एम. एच. बेग, य. वि. चंद्रचूड, पी. एन. भगवती. सुनावणीत खन्नांनी अ‍ॅटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं की एखाद्या पोलिसाने खासगी वैरापोटी कुणाला मारून टाकलं तर तुमच्या म्हणण्याप्रमाणे त्यावर काही इलाज आहे का? डे यांनी कबूल केलं की आणीबाणी आहे तोवर नाही, आणि हे म्हणताना माझ्याही मनाला धक्का बसतो असंही सांगितलं. हे ऐकूनही २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक अशा बहुमताने सरकार जिंकलं, म्हणजे आणीबाणीत स्थानबद्धाला हेबिअस कॉर्पस मागता येणार नाही असं ठरलं. न्या. बेग यांनी लिहिलं की स्थानबद्धांची सरकार घेत असलेली काळजी जवळजवळ आईसारखी आहे. आपले पुण्याचे चंद्रचूड यांनी, असे भयंकर प्रकार घडणार नाहीत अशी हिऱ्यासारखी लख्ख आणि कणखर आशा व्यक्त केली.

एकटे खन्ना विरोधात राहिले. त्यांचं म्हणणं समजायला वकील असायची गरज नाही. जगण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ ने दान केलेला नाही, त्यामुळे कलम २१ बाजूला ठेवलं तरी कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचा जीव किंवा स्वातंत्र्य घ्यायचा अधिकार सरकारला मिळत नाही. १९४८ च्या जाहीरनाम्याचाही त्यांनी आधार घेतला. किंमत त्यांना आधीच ठाऊक होती. जानेवारी १९७७ मध्ये ज्येष्ठता डावलून बेग यांना सरन्यायाधीश केलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला.

इतकं मी मांडलं. पुढचं आणि आसपासचं तुम्ही भरा. घरात कुणी मिसाबंदी असतील तर त्यांच्या आठवणी जरूर लिहा.

---

जुनी_वही

धागा काढलात, आभार. माझे वडील नाशिकरोडला मिसाबंदी होते. मी तेव्हा प्राथमिक शाळेत. आम्ही नशीबवानच म्हणायचे, कारण ते कुठे आहेत एवढं तरी आम्हाला ठाऊक होतं. किती दिवसांसाठी ते मात्र कुणीच सांगू शकत नव्हतं. खटला नाही, आरोप नाही, तारीख नाही, मग सुटका मोजायची कुठून? आईला सगळ्यात जास्त त्रास याचाच झाला. जन्मठेपेच्या कैद्याच्या बायकोला निदान वर्षं मोजता येतात, असं ती म्हणायची. मुलाकातीला गेलो की आमच्यात आणि वडिलांत एक माणूस बसलेला असायचा, बोललेलं ऐकायला. आई घरचं काही सांगायचीच नाही. आंब्याला मोहोर आला, म्हशीला रेडकू झालं, असलंच बोलून परत यायची. पत्रांतल्या ओळीच्या ओळी काळ्या शाईने फासलेल्या. त्यातलं एक पोस्टकार्ड अजून माझ्याकडे आहे, त्यावर 'सौ.ला' आणि 'तुझा' एवढंच वाचता येतं.

दुर्गाबाईंचं नाव यायला हवं म्हणून लिहिते. डिसेंबर १९७५, कऱ्हाडचं साहित्य संमेलन. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण. जयप्रकाश नारायण तेव्हा चंदीगडच्या बंदिवासातून सुटून मूत्रपिंडाच्या आजाराने मुंबईत जसलोकमध्ये होते. दुर्गाबाईंनी त्याच मांडवात जयप्रकाशजींना आराम पडावा म्हणून प्रार्थना करायला लावली. १९७६ मध्ये त्यांना एशियाटिकच्या ग्रंथालयातून अटक झाली. लोकसाहित्याची अभ्यासक, वाचत बसलेली बाई! सरकारला तिचीही भीती वाटली.

---

फोर्टमधला_काळा_कोट

नऊ उच्च न्यायालयांचा उल्लेख केलात हे फार बरं झालं. मुंबई उच्च न्यायालयाने त्या काळात आणखी दोन कामं केली, ती लोक विसरतात.

पहिलं नथवानी प्रकरण. काही वकिलांना नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचं राज्य या विषयावर खासगी बैठक घ्यायची होती, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला त्यात बोलणार होते. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. न्या. तुळजापूरकर आणि न्या. गाडगीळ यांच्या खंडपीठाने आयुक्तांचा हुकूम रद्द केला. आणीबाणी चालू असताना! तुळजापूरकर हे नाव ध्यानात ठेवा, ते पुढे पुन्हा येतं.

दुसरं मिनू मसानींचं. त्यांच्या नियतकालिकातला मजकूर सेन्सॉरने अडवला. मसानी कोर्टात गेले आणि जिंकले. १९७६ च्या फेब्रुवारीतला निकाल, न्या. मादन यांनी लिहिलेला. सगळ्या वर्तमानपत्रांना एकाच वाऱ्याला शिडं लावायला किंवा एका सुरात बोलायला लावणं हे सेन्सॉरचं काम नाही, असं त्यात आहे.

तारकुंडेही इथेच आठवतात. विठ्ठल महादेव तारकुंडे, सासवडचे, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती. ऑक्टोबर १९७६ मध्ये जयप्रकाशजींबरोबर त्यांनी नागरी स्वातंत्र्यासाठी जी संघटना उभी केली तिचंच पुढे पीयूसीएल (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज) झालं.

---

मलबारवासी

मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं कोळिकोडला आहे. इथे आणीबाणी म्हटलं की लोक दिल्लीचं नाव घेत नाहीत, राजनचं घेतात. जबलपूर निकालाची किंमत काय होती ते त्या एका प्रकरणातून जितकं कळतं तितकं निकालपत्र वाचून कळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पी. राजन हा इथल्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाचा विद्यार्थी. गाणं म्हणणारा मुलगा. फेब्रुवारी १९७६ च्या शेवटी कायण्णा पोलीस ठाण्यावर नक्षलवाद्यांचा हल्ला झाला. १ मार्चला पहाटे मुलं युवक महोत्सवातून वसतिगृहावर परतली, तेव्हा पोलीस तिथे आलेले होते. राजनला उचललं आणि कक्कयमच्या छावणीत नेलं. तिथे बाकावर आडवं पाडून मांड्यांवर जड लाकडी रूळ फिरवत. त्यातून वाचून आलेल्यांनी नंतर साक्षी दिल्या.

वडील ईच्चर वारियर हिंदीचे प्राध्यापक. मुलाला धरून नेल्याचं त्यांना कळलं ते महाविद्यालयाचे प्राचार्य बहाउद्दीन यांच्यामुळे. या माणसाने अटकेची खबर रजिस्टर पोस्टाने वडिलांना कळवली. त्या दिवसांत एखाद्या प्राचार्याने हात झटकले असते तरी कुणी बोट दाखवलं नसतं. त्यांनी मात्र लेखी कळवलं, आणि पुढे हायकोर्टात ते लेखी कळवणंच कामी आलं.

वारियर वर्षभर मंत्री, अधिकारी, खासदार यांचे उंबरे झिजवत राहिले. कोर्टात जाता येत नव्हतं, कारण २८ एप्रिलला ते दार दिल्लीत बंद झालं होतं. मुलाचा जीव तर त्याआधीच गेला होता, हे त्यांना माहीत नव्हतं. मार्च १९७७ मध्ये आणीबाणी उठली आणि २५ मार्चला त्यांनी केरळ उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पसची याचिका केली. न्या. पोट्टी आणि न्या. खालिद यांच्यासमोर सरकारने शपथेवर सांगितलं की राजनला कधी अटकच झाली नव्हती. आणीबाणीत गृहमंत्री असलेले के. करुणाकरन आता मुख्यमंत्री होते, त्यांचंही शपथपत्र तेच सांगत होतं. कोर्टाने प्राचार्य, अध्यापक, विद्यार्थी आणि छावणीत राजनला पाहिलेले लोक यांच्या साक्षी नोंदवल्या आणि १३ एप्रिलला निकाल दिला : राजन पोलिसांच्या ताब्यात होता हे सिद्ध झालंय, त्याला हजर करा.

हजर करायला कुणी नव्हतंच. सरकारला मान्य करावं लागलं की तो कक्कयमला कोठडीत मेला. २५ एप्रिलला करुणाकरन यांनी राजीनामा दिला. मृतदेह आजपर्यंत मिळालेला नाही, आणि खुनाचा गुन्हा कुणावरही शाबीत झाला नाही.

तारखा जुळवून बघा. याचिका केल्यापासून निकालाला तीन आठवडेही लागले नाहीत. जे दार जवळपास अकरा महिने उघडलं नाही ते उघडल्यावर इतक्या झटपट सत्य बाहेर आलं. मार्च १९७६ मध्येच एखाद्या न्यायाधीशाने "तो मुलगा कुठे आहे" असं विचारलं असतं तर कदाचित राजन वाचला नसता. पण त्याच्यानंतर त्या छावणीत ज्यांना नेलं त्यांच्या अंगावर रूळ फिरवताना हात नक्की थबकला असता.

---

पैलतीर

@मलबारवासी, वाचून सुन्न झालो. मी ब्यूनस आयर्समध्ये काही काळ होतो, म्हणून एक जोड देतो.

केरळचा निकाल १३ एप्रिल १९७७ चा. त्याच महिन्याच्या ३० तारखेला ब्यूनस आयर्सच्या प्लासा दे मायो चौकात चौदा आया पहिल्यांदा जमल्या. तिथे २४ मार्च १९७६ ला लष्कराने सत्ता घेतली होती आणि मुलं घरातून, कारखान्यातून, रस्त्यावरून उचलली जात होती. आयांनी आधी कोर्टातच धाव घेतली होती. हेबिअस कॉर्पसच्या अर्जांवर एकच ठरलेलं उत्तर यायचं : अशी कुणी व्यक्ती आमच्या ताब्यात नाही. अर्ज निकाली. म्हणून त्या चौकात आल्या. घोळक्याने उभं राहायला बंदी आहे, चालत राहा असं पोलिसांनी सांगितलं, तर त्या गोल चालू लागल्या. डोक्याला पांढरे रुमाल नंतर आले.

त्यांची पुढारी आसुसेना व्हियाफ्लोर. तिला लष्कराच्या माणसांनी उचललं ती तारीख १० डिसेंबर १९७७, म्हणजे मानवी हक्क दिन. विमानातून समुद्रात फेकून दिलेल्यांपैकी ती एक. तिचे अवशेष २००५ मध्ये ओळखले गेले. लोकशाही आल्यावर नेमलेल्या आयोगाने जवळपास ९ हजार बेपत्ता लोकांची नोंद केली, संघटना ३० हजार म्हणतात.

वारियरांना हायकोर्ट मिळालं. या आयांना वर्षानुवर्षं काहीच मिळालं नाही.

---

शेलारमामा

धागा माहितीपूर्ण आहे, पण एक बाजू राहतेय. राजन निरपराध होता, मान्य. पण रोज पेपरात येणारे दरोडेखोर, बलात्कारी, बॉम्बस्फोटवाले यांना कसले हक्क? ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांचे हक्क कुणी बघायचे? माझ्या चुलत भावाचा खून झाला तेव्हा आरोपीला मेडिकल, वकील, घरचा डबा, सगळं वेळेवर. आमच्या वहिनीला सरकारकडून विचारायलाही कुणी आलं नाही. हे चीड आणणारं आहे आणि ते मी इथे लिहिणारच.

---

कोर्टपायरी

@शेलारमामा, तुमची चीड रास्त आहे. वहिनींना कुणी विचारलं नाही हे वाईटच झालं. पीडितांना भरपाई मिळण्यासाठी कायद्यात तरतूद आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. केला नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी मसुदा करून देते.

पण डबा आणि वकील काढून घेतल्याने वहिनींना काय मिळालं असतं? आरोपी खरा आहे की नाही हे पोलिसांनी धरलं तेव्हा ठरत नाही. ओडिशातली नीलावती बेहेरा ही अशीच एक आई. तिचा बावीस वर्षांचा मुलगा सुमन, चोरीच्या तपासात पोलीस चौकीत नेलेला. १९८७ च्या डिसेंबरात दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत रेल्वे रुळांवर मिळालं. पोलीस म्हणाले पळून गेला आणि गाडीखाली आला. आईने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. कोर्टाने त्या पत्रालाच याचिका मानलं, जखमा गाडीच्या नाहीत असं ठरवलं, आणि १९९३ मध्ये राज्याने तिला दीड लाख रुपये द्यावेत असा हुकूम केला. सरकारच्या ताब्यात माणूस मेला तर सरकार भरपाई देणं लागतं, हा नियम त्या पत्रातून पक्का झाला. पीडिताच्या घरचे आणि कोठडीतल्या माणसाच्या घरचे असे दोन तट नसतात. नीलावती कुठल्या तटात बसवाल?

---

निवृत्त_ठाणेअंमलदार

पोलीस खात्यात आयुष्य गेलं. इथे लिहू की नको असं झालं होतं, पण शेलारमामांचा प्रतिसाद वाचून लिहितो.

मारहाण होते ती अटक दाखवल्यानंतर कमी आणि दाखवण्याआधी जास्त. हे खात्यातल्या कुणालाही विचारा. "चौकशीला बसवलाय" या नावाखाली माणूस दोन-दोन दिवस ठाण्यात असतो. स्टेशन डायरीत नोंद नाही, लॉकअप रजिस्टरला नाव नाही. म्हणजे कागदावर तो ठाण्यात नाहीच. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यायचं हे घटनेच्या २२ व्या कलमात आहे, पण घड्याळ सुरू कधी झालं हे लिहिणाराही आमचाच माणूस. माणसाचं काही बरंवाईट होतं ते या बिननोंदीच्या वेळात.

१८ डिसेंबर १९९६ ला डी. के. बसू खटल्याचा निकाल आला तो याच वेळेवर बोट ठेवणारा. बसू हे पश्चिम बंगालमधल्या विधी सहाय्य संस्थेचे अध्यक्ष, कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून त्यांनी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं होतं. निकालात अकरा सूचना आहेत. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव हवं. अटकेचा मेमो जागेवर करायचा, त्यावर घरच्या किंवा मोहल्ल्यातल्या साक्षीदाराची सही, वेळ आणि तारीख. नातेवाइकाला कळवायचं. अंगावरच्या जखमा आधीच तपासून लिहायच्या. दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी. आमच्यापैकी पुष्कळांनी तेव्हा कुरकुर केली. मी ज्या साहेबांच्या हाताखाली होतो ते मात्र म्हणाले, हा मेमो आरोपीपेक्षा तुम्हाला वाचवेल. आणि तसंच झालं. एका आरोपीने माझ्यावर मारल्याचा आरोप केला तेव्हा अटकेच्या वेळचा जखमांचा तपशील माझ्याच हस्ताक्षरात होता, डॉक्टरचा कागद त्याला जुळत होता. तेवढ्यावर मी सुटलो.

प्रामाणिक पोलिसाने नोंदीला घाबरू नये. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, लॉकअपमध्ये, अगदी व्हरांड्यातही कॅमेरे लावायचा हुकूम दिला. कॅमेरा नेमका हवा त्याच रात्री बंद होता, असं जिथे घडतं तिथे ठाणे प्रमुखाला जबाबदार धरलं पाहिजे, असं मी या खात्यातलाच माणूस म्हणून म्हणतो.

---

कमलपुष्प

अंमलदार काका, तुमचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. मी महिला कैद्यांसोबत काम करते.

शीला बारसे यांचं नाव अजून आलं नाही. मुंबईच्या पत्रकार. त्यांनी मुंबई मध्यवर्ती कारागृहातल्या पंधरा महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. कोर्टाने निर्मला निकेतनच्या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक डॉ. ए. आर. देसाई यांना तुरुंगात जाऊन बायकांशी बोलून अहवाल द्यायला सांगितलं. फेब्रुवारी १९८३ चा निकाल. स्त्रियांसाठी वेगळं लॉकअप, त्यावर महिला शिपाई, चौकशी महिला पोलिसांसमोर, अटक झाली की विधी सहाय्य समितीला लगेच कळवायचं, शहराच्या न्यायाधीशाने अचानक जाऊन लॉकअप बघायचं. आज आम्ही ठाण्यात जाऊन "महिला कॉन्स्टेबल कुठे आहे" असं ठणकावून विचारतो ते या निकालाच्या बळावर.

हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पी. एन. भगवती. १९७६ च्या त्या चारांतले एक. २०११ मध्ये त्यांनी जाहीरपणे कबूल केलं की तेव्हाचा निकाल चुकीचा होता आणि माफीही मागितली. १९७६ बद्दल त्यांना माफ करावं का, हे ज्यांचे वडील आत होते त्यांनी ठरवावं. माझ्या कामातल्या बायकांना मात्र १९८३ च्या भगवतींचा रोज उपयोग होतो.

---

जुनी_वही

@कमलपुष्प, वडील हयात असताना मी त्यांना चंद्रचूडांबद्दल विचारलं होतं. ते इतकंच म्हणाले, "खन्ना होते ना." बाकीच्या चौघांबद्दल कधी बोलले नाहीत.

---

सह्यगिरी

सगळा धागा एका बैठकीत वाचला. आता नेमका प्रश्न विचारतो. जबलपूरसारखं पुन्हा होऊ शकतं का? की कायद्याने तो रस्ता कायमचा बंद झालाय?

---

कोर्टपायरी

@सह्यगिरी, तोच रस्ता बंद झालाय. शेजारचा उघडा आहे. सांगते.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने दोन मोठी कामं केली. 'अंतर्गत अशांतता' हे आणीबाणीचं कारण काढून 'सशस्त्र बंड' घातलं, आणि कलम २० व २१ साठी कोर्टात जायचा मार्ग आणीबाणीतही बंद करता येणार नाही असं लिहिलं. खन्नांचं म्हणणं अशा रीतीने घटनेतच आलं. २४ ऑगस्ट २०१७ च्या, खासगीपणाच्या हक्काबद्दलच्या पुट्टस्वामी निकालात जबलपूरचा निकाल उघडपणे मोडीत काढला. ते लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, म्हणजे यशवंतराव चंद्रचूडांचे चिरंजीव. वडिलांच्या निकालात गंभीर चूक आहे असं मुलाने लिहिलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

आता शेजारचा रस्ता. आणीबाणी नसतानाही खटल्याशिवाय स्थानबद्ध करता येतं, हे आपल्या घटनेच्या २२ व्या कलमातच आहे. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यायचा नियम अशा स्थानबद्धाला लागू नाही. स्थानबद्धता योग्य आहे का ते बघणाऱ्या सल्लागार मंडळापुढे प्रकरण न नेता तीन महिने आत ठेवता येतं. महाराष्ट्रात १९८१ चा एमपीडीए कायदा आहे, ज्याला लोक झोपडपट्टीदादा कायदा म्हणतात. त्याखाली बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्धता होते. माझ्याकडे येणाऱ्या अशा कामांत बहुतेकदा गरीब घरचा, वस्तीतला पोरगा असतो, एक-दोन मारामारीच्या केसेस आणि नाव न सांगणाऱ्या साक्षीदारांचे 'इन-कॅमेरा' जबाब. उच्च न्यायालय असे पुष्कळ हुकूम रद्द करतं. पण याचिका सुनावणीला येऊन निकाल लागेपर्यंत पोराचे कित्येक महिने आत गेलेले असतात.

त्याच ४४ व्या दुरुस्तीचं कलम ३ यासाठीच होतं. तीन महिन्यांची मुदत दोनवर आणायची, आणि सल्लागार मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमायचं, अध्यक्ष विद्यमान न्यायमूर्ती. संसदेने मंजूर केलं, राष्ट्रपतींची सही झाली. फक्त 'लागू होण्याची तारीख सरकार ठरवेल' असं होतं. बाकीची कलमं लागू झाली. कलम ३ आजतागायत लागू केलेलं नाही. जनता सरकार गेलं, त्यानंतर प्रत्येक रंगाची सरकारं आली, तारीख कुणीच ठरवली नाही.

धनबादचे खासदार ए. के. रॉय राष्ट्रीय सुरक्षा वटहुकमाखाली स्थानबद्ध झाले तेव्हा हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर १९८१. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड आणि बहुमत म्हणालं, सरकारला तारीख ठरवायला आम्ही भाग पाडू शकत नाही. या मुद्द्यावर न्या. गुप्ता आणि न्या. तुळजापूरकर यांनी वेगळं मत दिलं. फोर्टमधल्या काळ्या कोटांनी वर लक्षात ठेवायला सांगितलेले तेच तुळजापूरकर.

आणखी एक. कोठडीतल्या छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १४ ऑक्टोबर १९९७ ला सही केली, अजून मान्यता दिलेली नाही. तुमच्या खासदारांना या दोन गोष्टी विचारता येतील : कलम ३ ची अधिसूचना कधी काढणार, आणि या कराराला मान्यता कधी देणार. मी दोन्ही प्रश्नांचा मसुदा मराठीत केला आहे, उद्या संध्याकाळपर्यंत इथेच प्रतिसादात टाकते. ज्यांना आपल्या मतदारसंघाचं नाव घालून पाठवायचा आहे त्यांनी तसाच उचला.

---

शेलारमामा

मसुदा टाका, मी पाठवतो. आणि वहिनींच्या अर्जाबद्दल व्यनि केलाय, बघा.